भाईजी फॉरेनला गेले तेव्हा

इंदूरच्या आमच्या कापड मिलला कुलूप लागलं, तरी आम्ही सकाळी गेटवर जायचं काही सोडलं नाही. मी तिथला टाइमबाबू होतो. कोण कामावर आलं, कोण उशिरा आलं, ते पाहणं हे माझं काम. आता येणारे सगळेच बेकार, त्यामुळे उशीर कुणालाच होत नव्हता. गेटसमोर बद्रीभियाचा पोह्यांचा ठेला, त्याच्या बाकावर आमची बैठक. काम नसलेली माणसं रोज भेटायला लागली, की किस्से घरातल्या रद्दीसारखे साठतात. मुद्दाम कोणी आणून ठेवत नाही, पण एक दिवस बघावं तर गठ्ठा झालेला असतो.

आमच्या गठ्ठ्यातले बहुतेक किस्से भाईजींचे.

भाईजी म्हणजे आमच्याच गेटवर भाषणं ठोकून मोठे झालेले युनियनचे पुढारी. गेटवरून भोपाळला गेले, भोपाळहून दिल्लीला, आणि तिथे थेट केंद्रात मंत्री. मग सरकार पडलं आणि भाईजी माजी झाले. माजी झाल्याबरोबर दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे आरोप. आमच्या मिलसाठी परदेशातून मशिनरी आणवली, त्यात त्यांनी हात धुऊन घेतले, असं पेपरात यायला लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे ते सारखे फॉरेनला जायला लागले, आणि तेही त्या मशिनरीवाल्यांच्याच खर्चानं, असं म्हणत.

यातलं आधी काय सुरू झालं, यावरच आमच्यात पहिलं भांडण झालं. पागे म्हणत, "आधी आरोप झाले, मग हे पळाले." पागे आमचे हेडक्लार्क. आजोबा होळकरांच्या दरबारी होते, त्यामुळे प्रत्येक राज्यकर्त्याबद्दल त्यांचं मत पूर्वीपासूनच वाईट. वानखेडे म्हणे, "नाही पागेसाहेब, आधी ते गेले. माणूस घरी नाही हे बघूनच लोकं बोलून राहिलेत."

हा वानखेडे साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर होता. खात्यातली माणसं सांभाळायची आणि बिघडलेला साचा चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. माणूस महूचा. वडील फौजेत होते. शिस्त आणि निष्ठा दोन्ही त्याच्यात घरूनच आलेल्या, आणि ती सगळी निष्ठा त्यानं भाईजींच्या पायाशी ठेवलेली. मी बेकार होतो, पण सुखी होतो, कारण मी कुणावर विश्वास ठेवलेला नव्हता. वानखेडेची गोष्ट वेगळी होती.

* * *

मिल बंद झाली तेव्हा मालकांनी नोटीस लावली. ज्यांना पाहिजे त्यांनी सही करून हिशोब घ्यावा आणि मोकळं व्हावं. म्हणजे सही केली की मिलशी संबंध संपला, पुढे मिल उघडली तरी तुम्हाला बोलावणार नाहीत.

नेमके त्याच दिवशी भाईजी दिल्लीला निघाले होते. गाडी गेटसमोरून गेली. वानखेडे धावला. भाईजींनी काच खाली केली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वानखेडे, रुको. नई मशीनें मैं ही चलवाऊँगा." गाडी गेली, आणि चार दिवसांनी भाईजी विमानात बसल्याची बातमी आली.

कताईवाल्यांनी सह्या केल्या, रंगाईवाल्यांनी केल्या. साचेखात्यानं मात्र केल्या नाहीत. वानखेडेनं गेटवर उभं राहून सांगितलं, "भाईजीने मुझसे बोला है. मी जबाबदारी घेतो." त्याच्या शब्दावर अख्खं खातं थांबलं.

मी संध्याकाळी त्याला म्हटलं, "अरे, किती दिवस थांबायचं ते तरी विचारायचं होतंस."

तो म्हणाला, "टाइमबाबू, बड़े आदमीला टाइम विचारतात का?"

* * *

भाईजी फॉरेनला कशासाठी गेले, हे तीन पेपरांत तीन तऱ्हेनं आलं. ठेल्यावर तिन्ही पेपर येत. एकात होतं, गुडघ्याच्या इलाजासाठी. दुसऱ्यात होतं, मजूर चळवळीवर व्याख्यान द्यायला. तिसऱ्यानं सरळ लिहिलं होतं की चौकशी टाळायला पळाले. पागे तिन्ही मोठ्यानं वाचायचे, आणि ऐकणाऱ्याला शेवटचा पेपर खरा वाटायचा. म्हणून वानखेडे रोज पेपरांचा क्रम बदलून ठेवायचा.

मग एक दिवस फोटोच छापून आला. भाईजी परदेशातल्या कुठल्याशा उंच मनोऱ्याच्या पायऱ्या चढताहेत, अंगात कोट, चेहऱ्यावर हसू.

पागेंनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. म्हणाले, "गुडघा चांगला दिसतोय."

वानखेडे म्हणाला, "मग? इलाज लागू पडला ना!"

* * *

त्या वेळी देश उघडला, असं सगळे म्हणत होते. परदेशी माल येणार, परदेशी कंपन्या येणार. आमच्या गेटचं कुलूप तेवढं गंजत होतं. बद्रीभिया बेटम्याचा, मालवीत विचारायचा, "बाबूजी, देस खुल्यो तो यो गेट कायको बंद है?" मी पागेंकडे बोट दाखवायचो. पागेंकडे उत्तर होतं, पण ते इतकं लांब होतं की बद्री मधेच जिलेबी तळायला निघून जायचा.

उन्हाळ्यात भाईजी दोन दिवस घरी येऊन गेले. गेटवर काही आले नाहीत, तब्येत बरी नव्हती म्हणे. पण त्यांच्या पीएनं कामगारांसाठी एक डबा पाठवला. फॉरेनची चॉकलेटं.

वानखेडेनं ती प्रसादासारखी वाटली. मे महिना, चॉकलेटचा पार चिखल झालेला. कुणी बोटानं चाटलं, कुणी कागदासकट तोंडात घातलं. इंदूरचा माणूस प्रयोगाला घाबरत नाही. एकानं वरून शेव घालूनही खाऊन पाहिलं आणि म्हणाला, "बुरा नी है."

पागेंनी हात मागे घेतले. "भ्रष्टाचाराचं मी खात नाही." मग नातवासाठी म्हणून एक खिशात टाकलं. थोड्या वेळानं तेच बाहेर काढून कागद वाचायला लागले आणि त्यांचा चेहरा बदलला. कागदावर किंमत रुपयांत छापलेली, खाली "स्थानिक कर अलग", आणि कारखाना महाराष्ट्रातला.

"हे बघ तुझं फॉरेन," पागे म्हणाले. "दिल्लीत दुकानातून घेतलंय."

मला वानखेडेचं खरंच वाईट वाटलं. त्यानं कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि हळूहळू त्याचं तोंड उजळलं.

"म्हणजे ते फॉरेनला गेलेच नव्हते," तो म्हणाला. "बघा पागेसाहेब, आरोप खोटा निघाला."

पागे घरी निघून गेले.

* * *

अनंत चतुर्दशीला इंदूरच्या मिलांच्या झांक्या निघतात. गाड्यांवर हलती चित्रं, दिवे, आणि बघायला सगळं शहर रस्त्यावर. मिल बंद पडली तरी चालेल, पण झांकी निघाली नाही तर मिल मेली, असं आमच्याकडे मानतात. आम्हीही चंदा जमवला आणि झांकी काढायचं ठरवलं. हलतं-फिरतं सगळं बनवण्यात वानखेडेचा हात धरणारा कोणी नव्हता. विषयही त्यानंच निवडला. भाईजींच्या सन्मानार्थ पुष्पक विमान.

विमान सुरेख झालं. पंख हलायचे. आत राजा बसलेला, आणि त्या राजानं हात खाली केला की विमानातून प्रजेवर फुलं पडायची. राजाचा चेहरा भाईजींसारखा करायला वानखेडेनं फार मेहनत घेतली होती. फुलांना पैसे उरले नव्हते. मग कुणाला तरी आठवलं की ताग्यांवर चिकटवायची आमची छापील लेबलं गेटबाहेरच्या युनियन ऑफिसात पोत्यांनी पडली आहेत. हिरवट, चौकोनी, मधे छान नक्षी. तीच भरली.

झांकी रस्त्यावर आली आणि लोकांनी जो हशा सुरू केला तो थांबेचना. भाईजींच्या तोंडाचा राजा विमानात बसून उडतोय आणि विमानातून नोटा गळताहेत! लोक लेबलं झेलत होते, टाळ्या वाजवत होते. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यानं मंचावरून उतरून वानखेडेच्या गळ्यात हार घातला आणि कानात म्हणाला, "हिम्मतवाले हो, भिया." वानखेडेला वाटलं, भाईजींच्या नावाचा हा सत्कार. त्यानं वाकून नमस्कार केला.

झांकीला पहिलं बक्षीस मिळालं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या पीसीओवर भाईजींच्या पीएचा दिल्लीहून फोन आला. वानखेडे धावत गेला, परत आला तो गोंधळलेला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"विचारत होते, किसने बनाया. मी म्हटलं, मैंने." तो बाकावर बसला. "खूश झाले असतील. पण मग असं का म्हणाले असतील, की अपना नाम किसी को मत बताना?"

* * *

हळूहळू साचेखात्यातली माणसं ठेल्यावर कमी बोलायला लागली. वानखेडे आला की सरकून जागा द्यायची, पण त्याच्याकडे बघायची नाहीत. कुणी सिमरोलला शेतावर मजुरी धरली, कुणी हातगाडी. एक दिवस शंकर म्हणून त्याच्याच खात्यातला एक जण सरळ समोर येऊन उभा राहिला.

"दादा, सच्ची बोलो. मी सही करू का नको? मुलीचं लगीन ठरवायचंय. पोरगेवाले विचारतात, बाप मिलमध्ये आहे की नाही? मी काय सांगू?"

वानखेडे म्हणाला, "आहे म्हणून सांग."

शंकर गेला. वानखेडेची बायको महूच्या शाळेत शिकवायची. त्या दिवशी ती त्याला डबा द्यायला आली होती आणि तिनं हे सगळं ऐकलं. ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली, "अहो, तुमचे भाईजी परत आले नाहीत तरी त्यांचं काही बिघडत नाही. या माणसांना तुमचंच तोंड बघायचंय." वानखेडेनं डबा उघडला आणि तसाच बंद केला. इतकं हसून झाल्यावर सांगतो, त्या दिवशी आम्ही कुणीच हसलो नाही. पागेंनीसुद्धा पेपर वाचला नाही.

* * *

दिवाळीनंतर दिल्लीहून चौकशीवाले आले. कोर्टाच्या हुकुमानं गेट उघडलं. त्यांना मागच्या गोदामातल्या पेट्या बघायच्या होत्या. याच त्या भाईजींच्या फॉरेनच्या मशिनरीच्या पेट्या. मिल बंद व्हायच्या थोडं आधी आल्या होत्या आणि तशाच खिळे मारलेल्या राहिल्या होत्या. नवे साचे म्हणून बंद व्हायच्या आधीच्या दसऱ्याला आम्ही त्यांना झेंडूची माळही घातली होती.

साहेबांनी विचारलं, "मशीन पहचानने वाला कोई है?" सगळ्यांनी वानखेडेकडे बघितलं. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. भाईजींचे वकीलही हजर होते. मागे साचेखातं उभं होतं, शंकर सगळ्यात पुढे.

पेटीचे खिळे काढले. आतून भुसा निघाला, परदेशी अक्षरांचे कागद निघाले, आणि मग हिरव्या चकचकीत रंगाचा साचा. अंगावर परदेशी कंपनीची पाटी. मागून कुणीतरी टाळी वाजवली. खरं सांगतो, मीही वाजवली. वकील म्हणाले, "देख लीजिए. इंपोर्टेड."

वानखेडे साच्याभोवती फिरला. इकडे हात लाव, तिकडे हात लाव, जसा तो रोज सकाळी खात्यात फिरायचा तसाच. मग मागच्या पायाशी वाकला आणि त्याचा हात थांबला. खिशातून त्यानं घराची किल्ली काढली आणि तिथला रंग खरवडला. खालून पितळेचा वॉशर निघाला. गोल नाही, वेडावाकडा कापलेला, आणि त्यावर उठावाचं अर्धं अक्षर.

तो वॉशर मी ओळखला. साचेखात्यातल्या कुणीही ओळखला असता. फार वर्षांपूर्वी एक साचा थरथरत होता, स्टोअरमध्ये वॉशर नव्हता, म्हणून वानखेडेनं वडिलांच्या फौजी पट्ट्याचं बकल कापून तो बसवला होता. ही गोष्ट त्यानं आम्हाला अभिमानानं कितीदा सांगितली असेल. पुढे नव्या मशिनरीसाठी जागा करायची म्हणून जुने साचे भंगारात काढले, त्यात तोही होता. ते ट्रकमधून बाहेर जाताना मीच गेटवर उभा होतो.

वकील म्हणाले, "बोलो वानखेडे, साहब को बताओ." साहेबांनी विचारलं, "मशीन विदेश से आई है या नहीं?"

वानखेडेनं एकदा मागे शंकरकडे बघितलं. मग किल्ली शर्टालाच पुसली आणि खिशात ठेवली.

"आई तो विदेश से ही है, साब," तो म्हणाला. "गई कब थी, वो मेरे को नी मालूम."