निवेदनरावांचा पूल

नगराध्यक्षाला दोन कामं असतात: फिती कापणं आणि शिव्या खाणं. निवेदनरावांच्या वाट्याला फिती फारशा आल्या नाहीत. अध्यक्ष होण्याआधी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि झाल्यावरही ते चालूच राहिलं, कारण अध्यक्षपदावर त्यांचं घर चालत नव्हतं. याबद्दल बाकीच्या नगरसेवकांना त्यांची मनापासून कीव यायची.

गाव नदीच्या अलीकडे आणि माणसाला लागणारं सगळं पलीकडे: मोठा दवाखाना, कोर्ट, कॉलेज. मधे जुना लोखंडी पूल. तो धोकादायक ठरला तेव्हा विभागीय कार्यालयाने तातडीने हालचाल केली, म्हणजे दोन्ही टोकांना खांब रोवले, पाटी लावली आणि विषय मिटवला. तेव्हापासून बस पलीकडेच थांबायची आणि गाव पुलावरून चालत जायचं. चालणाऱ्यांत निवेदनरावांची बायकोही होती. सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. वहिनींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पलीकडे जाणं भाग होतं. पूल ओलांडताना आधी फक्त परतीच्या वाटेवर त्यांच्या नाकी नऊ यायचे. गेल्या वर्षापासून जातानाही यायला लागले.

नवा पूल मागण्यासाठी निवेदनरावांनी जी निवेदनं दिली, त्यांवरून त्यांना हे नाव पडलं. खरं नाव आता फक्त मतपत्रिकेवर दिसे. त्यांनी नदीकाठची सगळी गावं एकत्र आणली, जी तोवर एकमेकांना फक्त भांडायला भेटायची. विभागीय कार्यालयाच्या बाकड्यावर ते इतके बसले, की तिथला शिपाई त्यांना स्वतःच्या मुलीच्या लग्नाची बोलणी सांगायचा. एवढ्या चपला झिजवल्यावर कार्यालयाला पाझर फुटला आणि गावाला एक कारंजं मंजूर झालं. सुशोभीकरणाचा निधी शिल्लक होता आणि पूल काही त्यात बसत नव्हता. कारंज्याला पाणी नव्हतं म्हणून उद्घाटनापुरता टँकर मागवला. फीत कापायला अर्थातच उपाध्यक्ष पुढे झाले.

आणि मग एकदाचे मुख्य अभियंता स्वतः पाहणीला यायला तयार झाले. त्यांच्या एका अहवालावर नवा पूल होणार की नाही हे ठरणार होतं. निवेदनरावांनी सभेत स्पष्ट सांगितलं, "पुलाला कुणीही हात लावायचा नाही. आहे तसा दिसू दे. याहून मोठा पुरावा आपल्याकडे नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. उपाध्यक्षांनी जरा जास्तच डोलावली. त्यांचं रंगाचं दुकान होतं.

साहेबांचं मन ऐन वेळी फिरू नये म्हणून निवेदनराव आदल्या दिवशीच त्यांना आणायला गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या गाडीतून येताना नदीचं वळण आलं आणि त्यांना समोर काहीतरी लखलखताना दिसलं. तो पूल होता. नखशिखांत चंदेरी रंग, एकूण एक फळी नवी, कठड्यांना फुलं. टोकाला अख्खं गाव, धुतलेल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखं हसत उभं.

"तुमच्या अर्जांवरून मला वाटलं होतं, पूल आज पडतो की उद्या," साहेब म्हणाले.

"साहेब, हे वरवरचं आहे. तुम्ही खाली उतरून तुळया बघा."

साहेबांनी खालचा चिखल बघितला, मग आपले बूट बघितले, आणि तांत्रिक पाहणी पूर्ण झाली.

त्या संध्याकाळी घरात निवेदनराव भिंतीकडे तोंड करून बसले. वहिनी चहा घेऊन आल्या.

"अहो, मी सुताराला दोनच फळ्या बसवायला सांगितलं होतं. पाहुणा माणूस, भोकात पाय अडकून पडला असता तर?"

"पडावा म्हणूनच तर आणला होता."

"असं कुणी बोलतं का?" वहिनी म्हणाल्या. त्या खरोखरच दुखावल्या होत्या.

फळ्या दोनच होत्या, पण बातमी उपाध्यक्षांच्या कानावर गेली. दोन फळ्या नव्या आणि बाकीच्या कुजक्या, हे काही बरं दिसणार नाही, असं त्यांचं मत पडलं. गावाच्या अब्रूचा प्रश्न निघाल्यावर गाव मागे हटत नाही. वर्गणी द्यायची नसेल तर मुळीच नाही, आणि रंग उपाध्यक्षांनी फुकट दिला होता.

महिन्याभरात अहवाल आला. पूल सुस्थितीत असून पालिकेने राखलेली निगा इतरांनी आदर्श घ्यावा अशी आहे. खांब काढावेत, बस गावापर्यंत सुरू करावी. नव्या पुलाची गरज नाही.

गाव आनंदाने वेडं झालं. ज्यांनी निवेदनरावांना नावं ठेवण्यात उमेदीची वर्षं घालवली होती, ते दुकानात येऊन त्यांचे हात हातात घेऊ लागले. निवेदनराव मात्र पुलाखाली उतरले. गंज कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं, जन्म त्यातच गेला होता. त्यांनी मधल्या तुळईला छत्री टोचली, तर टोक आत रुतलं. त्यांनी विभागीय कार्यालय गाठलं. तिथला अधिकारी वैतागून म्हणाला, "इतकी वर्षं बस द्या म्हणून डोकं खाल्लंत, आता देतोय तर नको. अध्यक्ष, तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. वहिनी बसच्या दिवसाकडे डोळे लावून बसल्या होत्या, आणि त्यांना ते सांगण्याची हिंमत निवेदनरावांना झाली नाही.

उद्घाटन गावातून व्हायचं म्हणून बस आदल्या दिवशी डोंगराच्या लांबच्या वळशाने आणून ठेवली होती. सकाळी ती माणसांनी गच्च भरली. पहिल्या सीटवर, खिडकीशी, वहिनी. मांडीवर दवाखान्याची पिशवी. उपाध्यक्ष कात्री घेऊन सज्ज होते. तेवढ्यात निवेदनराव फितीच्या पलीकडे जाऊन पुलाच्या तोंडाशी उभे राहिले.

"धोकादायक रस्ता बंद करायचा अधिकार अध्यक्षाला असतो," ते म्हणाले. "मी हा पूल गाड्यांना बंद करतोय. सगळ्यांनी उतरा."

आधी लोकांना ती गंमत वाटली. मग नव्हे म्हटल्यावर ज्याला जे सुचेल ते तो बोलला. स्वतः जन्मात काही आणलं नाही आणि आलेलं पचत नाही, इथपासून सुरुवात झाली. पुढची निवडणूक आपण तिथल्या तिथे, एका वाक्यात घालवली, हे निवेदनरावांना कळत होतं. ड्रायव्हरने मात्र इंजिन बंद केलं. पुलावरून सगळ्यात पुढे तोच जाणार होता.

बस रिकामी झाली, पण वहिनी उठल्या नाहीत. निवेदनराव आत चढले.

"अगं, ऊठ. खालच्या तुळया सडल्यात."

"सगळे उतरले ना? मग मला एकटीला नेऊ द्या की ड्रायव्हरला," वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "माझं असं काय वजन उरलंय?"

निवेदनरावांचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही.

"बस जड आहे गं," ते म्हणाले.

डोंगराच्या वळशाने दवाखान्यातली पाळी चुकली असती. वहिनी उठल्या. त्यांनी पिशवी नवऱ्याच्या हातात दिली आणि चारचौघांत कधी धरला नव्हता तो त्याचा हात धरला. फितीपाशी आल्यावर वहिनींना वाकता येईना, तेव्हा निवेदनरावांनी उपाध्यक्षांच्या हातातली कात्री घेतली, फीत कापली आणि दोघं पुलावरून चालायला लागले.