रमिलाच्या जागी

रमिला पावरा गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा मी शहाद्याला शाळेच्या मैदानावर मुलींचा कबड्डीचा सराव घेत होते. "ताई, रमिला गेली... सकाळीच," एवढंच तो म्हणाला. मी फोन खिशात ठेवला आणि सराव पूर्ण घेतला. का, ते दीड महिन्यानंतरही सांगता येत नाही. रडायलासुद्धा अंगात जोर लागतो...

ती धडगावच्या डोंगरातली, मी तापीकाठच्या प्रकाशा गावची. कबड्डीच्या पहिल्या शिबिरात आमच्या खाटा शेजारी होत्या. तिच्या घरी पावरी बोलत, माझ्या घरी गुजरी. एकमेकींशी आम्ही अहिराणीत बोलायचो. दोघीही चढाई करायचो, पण चढाई खरी तिची. जमिनीला हात टेकेल इतकी वाकायची आणि समोरच्या सात जणींना कळायच्या आत गडी बाद करून परत. पुण्याच्या एका व्यावसायिक संघाने तिला निवडलं, मला राखीव म्हणून घेतलं. पहिला करार, स्वतःचं नाव छापलेली पहिली जर्सी. त्या हंगामात लोक तिच्या नावाने ओरडायचे, आणि खोलीवर आली की ती गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. तिला सिकलसेल होता, रक्ताचा जन्मजात आजार. आश्रमशाळेतल्या तपासणीत कळलं होतं. संघात फक्त मला माहीत. गरम पाण्याची पिशवी तिच्या गुडघ्यांना धरून मी बसायचे.

"कोनले सांगू नको," ती म्हणायची. "मन्हं खेळनं बंद व्हई जाई."

दुसऱ्या हंगामात एका सामन्यानंतर तिला श्वासच घेता येईना. ओठ काळेनिळे पडले. मी प्रशिक्षकांना सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिचा खेळ बंद केला. दवाखान्यातून ती खोलीवर आली ती सामान भरायलाच, आणि तोवर तिच्या जागी मी एक सामना खेळलेही होते.

पिशवीची चेन लावताना तिने विचारलं, "तुले खेळनं व्हतं, म्हनीसन सांगी दिधं ना?"

"नही व..." मी म्हणाले. पण म्हणायला क्षणभर उशीर झाला, आणि तो तिने पाहिला.

मी पुढे दोन हंगाम खेळले. साधारणच. वर्षभराने तिचा फोन आला, जणू काही झालंच नव्हतं. गावातल्या मुलींना कबड्डी शिकवते म्हणाली. "होळीले ये." मग दरवर्षी बोलवायची. मी दरवर्षी हो म्हणायचे आणि ऐनवेळी काहीतरी कारण काढायचे... तिच्यासमोर उभं राहायचा धीर होत नव्हता.

शेवटी तिच्या गावी गेले, ते ती नसताना. तिच्या आईने पाणी दिलं. संध्याकाळी घरामागच्या सपाट जागेत मुली जमल्या, त्यांनी आपल्या आपण राखेने रेषा आखल्या आणि खेळ सुरू केला. मी कडेला उभी होते. मध्येच एका सडपातळ मुलीने हात वर केला, "मी दमले" म्हणाली आणि बाहेर येऊन दगडावर बसली. कोणी हसलं नाही. खेळ चालूच राहिला.

"असं चालतं?" मी विचारलं.

"रमिला मॅडमनीच सांगितलंय. दमलं की सांगायचं, लपवायचं नाही." तिने माझ्याकडे वर पाहिलं. "तुम्हीपण दमलात का?"

"हो," मी म्हणाले.

ती सरकली आणि तिने मला दगडावर जागा करून दिली.