बर्फाच्या कप्प्यातले हातमोजे

बाबा कामावरून आले की घरात आधी गारवा शिरायचा, मग बाबा. अल क्वोजमधल्या एका कोल्ड स्टोअरेजमध्ये ते सुपरवायझर होते. दिवसभर गोठलेल्या कोंबड्या नि मासळीची खोकी. बाहेर दुबई घामानं निथळत असायची आणि आमचा बाप अंगावर हिवाळा घेऊन मनखूलच्या फ्लॅटवर यायचा. चामड्याचे हातमोजे तर ते बर्फाच्या डब्यात घालून आणायचे आणि लिफ्टमध्ये हातांत चढवायचे, केवळ आईसाठी. वेडेपणाच तो. आई त्या गार मोज्याला गाल लावायची आणि म्हणायची, "आलं माझं महाबळेश्वर." पुढचं मी कधी पाहिलं नाही. तोवर माझं लक्ष त्यांच्या पिशवीतल्या खाऊकडे गेलेलं असायचं.

मी चौथीत असताना त्यांना कामावरच छातीत कळ आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी रडले नाही. सगळे म्हणाले, पोर फार समजूतदार आहे. समजूतदार कसली, मला ते खरंच वाटलं नव्हतं. कारण बाबा येतच होते.

आई शाळेत शिकवायची, तिच्या व्हिसावर आम्ही दोघी इथेच राहिलो. संध्याकाळी मी हॉलमध्ये जमिनीवर अभ्यासाला बसायचे आणि त्यांच्या येण्याच्या वेळेला तोच गारवा माझ्या पायांवरून सरकत जायचा. दार वाजायचं नाही. मला भीती वाटायची, आणि तो यावा असंही वाटायचं. आईला मी काही बोलले नाही. न जाणो, तिनं कुणाला बोलावून शांत वगैरे करून घेतली असती.

पुढे कॉलेजात असताना एकदा त्याच वेळेला पाणी प्यायला उठले, तर आई फ्रिज उघडून उभी. बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पाकिटांमागे, बाबांचे हातमोजे होते. एकात हात घालून तिनं तो गालाला लावला होता. मी तशीच मागे फिरले. म्हणजे भूतबीत काही नव्हतं, रोजचा तो गारवा उघड्या फ्रिजचा होता. तरीही नंतर पायांना गार लागलं की मी मान वर करून दाराकडे बघायचेच.

मी नोकरीला लागल्यावर, एका उन्हाळ्यात तो फ्रिज बंद पडला. मेकॅनिक "इन्शाल्ला, कल" म्हणून गेला आणि त्याचा उद्या काही उजाडेना. ओलेगच्च हातमोजे मांडीवर घेऊन आई म्हणाली, "गेले गं हे." ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी होता तसाच तिचा चेहरा झाला होता. मला रागच आला. इतकी वर्षं चामड्याच्या तुकड्यापाशी उभं राहायचं म्हणजे काय? रागाच्या भरातच म्हणाले, "चल, तुला बर्फातच नेते."

बर्शाच्या मॉलमध्ये बर्फाचा अख्खा डोंगर नुकताच उघडला होता. बाहेर रस्ते तापलेले आणि आत लोक पायांना पट्ट्या बांधून बर्फावरून घसरताहेत. काउंटरवरच्या माणसानं भाड्याची जाकिटं, पँट, बूट दिले. "मॅडम, ग्लव्हज अपने लाने पडते हैं," तो म्हणाला.

"हैं हमारे पास," आई म्हणाली आणि पर्समधून ते काढले.

आत शिरलो. तोच वास. गोठलेल्या हवेचा, बाबांच्या जाकिटाचा. सगळे एकसारख्या जाकिटात, कान झाकलेले, आणि पाठमोरा दिसणारा कुठलाही माणूस बाबा असू शकला असता. मी आईचा दंड घट्ट धरला.

तिनं माझा हात सोडवला. खाली बसून बर्फात दोन्ही हात खुपसले. चामडं पुन्हा कडक झालं. मग एक हात गालाला लावून तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं दुसऱ्या हातातला मोजा काढला आणि नुसता तळवा दुसऱ्या गालावर ठेवला. बाजूनं पोरं इंग्रजीत ओरडत घसरत होती. आई हलेना.

"गरम आहे," ती म्हणाली.

"काय गरम आहे?"

"तुझ्या बाबांचा हात. ते नंतर मोजा काढून हात लावायचे. गारानंतर एकदम गरम. तेवढ्यासाठीच तर तो सगळा खेळ होता." तिनं हातातल्या मोज्याकडे पाहिलं. "विसरूनच गेले होते बघ. आणि जपत काय बसले, तर हे."

घरी आल्यावर तिनं हातमोजे गॅलरीत वाळत घातले आणि वाळल्यावर कपाटात ठेवून दिले. मग फ्रिजही दुरुस्त झाला. त्यात मटार आले, सुरमई आली. आईचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता.

फ्रिज सुरू झाला त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये मुद्दाम जमिनीवरच बसले होते. त्यांची येण्याची वेळ झाली, टळून गेली. पायांवरून काहीच सरकलं नाही. आत आई कणीक मळता मळता गुणगुणत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर उशी दाबली आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडले.