पंतांच्या फळीवरचा दुसरा डबा

पारनेरच्या पेठेत दत्तोपंत मुळ्यांचं बंदुकांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते पाटीवर तसं लिहिलं होतं म्हणून. एरवी ती एक लांबट खोली होती, पुढे गिऱ्हाईक आणि मागे संसार. भिंतीला साखळीनं बांधलेल्या दोन-चार बंदुका, काचेच्या कपाटात काडतुसांची खोकी, आणि मागच्या फळीवर ठासणीच्या बंदुकीला लागणारं सामान: काळी दारू, शिशाचे छर्रे, बार पेटवायच्या पितळी टोप्या. ही मागची फळी हीच पंतांची खरी मिजास. नव्वद सालानंतर ठासणीच्या बंदुकीला कोणी विचारीनासं झालं होतं. नगरचे मोठे दुकानदार ‘आता ते येत नाही’ म्हणून हात झटकत. पण ज्याच्या घरी आज्याच्या वेळची बंदूक आणि पिकाच्या राखणीचा परवाना होता, त्यानं जायचं कुठं? तो सगळीकडे हिंडायचा आणि शेवटी पंतांच्या पायरीशी यायचा. पंत त्याला आधी झापायचे, मग माल द्यायचे.

झापण्यात पंतांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. बंदूक समोर आली की नळीत करंगळी घालून काजळी चाचपायचे आणि विचारायचे, “गज फिरवलास का रे आतून? का लग्नात फिरवला होतास तो शेवटचा?” लोक बोलणी खायचे आणि हसत परत यायचे, कारण माणूस मापात मारत नव्हता आणि कोणाला हिडीसफिडीस करत नव्हता. त्यांच्या वडिलांच्या काळी काही गिऱ्हाइकांना पायरीखाली उभं राहावं लागे. दत्तोपंत गादीवर बसले त्याच दिवशी त्यांनी एक स्टूल आणलं आणि येईल त्याला त्यावर बसवलं. शिव्याही सगळ्यांना सारख्याच दिल्या.

आता अशा कडक माणसानंही एक लबाडी चालवली होती, आणि ती चांगली दोन वर्षं चालवली होती. पंतांना दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वडिलांचा एक डोळा शिबिरातल्या ऑपरेशनात गेलेला त्यांनी पाहिला होता, म्हणून डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर जायचे. त्यात परवान्याची भीती. ज्याला माणसाचं तोंड ओळखू येत नाही त्याच्या हाती दारूचं दुकान सरकार कशाला ठेवील? म्हणून पंतांनी डोळ्यांचं काम हातांवर सोपवलं. कुठली वस्तू फळीवर कुठल्या जागी, हे हातांना पाठ होतं. बायकोलाही, इंदूलाही, त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता, निदान त्यांची तशी समजूत होती.

शहाण्णव सालच्या थंडीतली गोष्ट. ज्वारी हुरड्यात आली होती. दुपारी सहादू साळवे दुकानात आला. पिंपळदऱ्याला ओढ्याकाठी त्याची तीन एकर ज्वारी होती, आणि घरात वडिलांची ठासणीची बंदूक.

“जय भीम, पंत.”

“ये. बस. बंदूक आणली नाहीस?”

“कशाला आनू? तुमी पुन्ना शिव्या देताल.” सहादू स्टुलावर टेकला. “नगरला गेल्तो, श्रीगोंद्याला गेल्तो. दारू न्हाई न् टोप्या बी न्हाई. डुकरांनी लई वाटोळं केलंय हो. रात्री सा सरी भुईसपाट केल्या.”

“मग सरळ इथं का नाही आलास? नगरचं पाणी गोड लागतं होय?”

सहादू हसला. परवाना पुढे झाला, पंतांनी तो डोळ्यांजवळ नेऊन वाचल्यासारखं केलं. मग मागं वळून फळीवरचा डबा उचलला, मापानं दारू काढली, सहादूनं दारू न्यायला आणलेल्या शिंगात ओतली आणि बूच दाबून त्याच्या हातात दिली. छर्रे दिले, टोप्या दिल्या. सहादूनं शिंग उघडूनही बघितलं नाही. पंतांच्या हातचा माल तपासायची रीतच नव्हती.

“आज दिस बुडताना शेतातल्या माळ्यावरच बसनार हाय,” तो उठता उठता म्हणाला. “आली की हानतोच बार.”

“मारायचं नाही हं. वरून सोड, पळवून लाव. आणि गज फिरव आधी!”

सहादू गेला. पंत खुशीत मागे चहाला गेले. नगरला नाही, श्रीगोंद्याला नाही, ते आपल्याकडे मिळतं, हे त्यांना चहापेक्षा गोड लागत होतं. इंदूबाईंनी कप उचलला आणि त्या कौतुकानं म्हणाल्या, “आज कप पांढरा राहिला हो. हात धुऊन बसलात की काय?”

पंत जागच्या जागी गार पडले.

काळ्या दारूला हात लावला की बोटं काळी होणार म्हणजे होणार. चाळीस वर्षं त्यांच्या बोटांचे ठसे कपावर, लोट्यावर, धोतराच्या सोग्यावर उमटत होते आणि इंदूबाई चाळीस वर्षं त्यावरून बडबडत होत्या. पंतांनी बोटं धोतरावर घासली. डोळ्यांशी नेऊन पाहिलं. काही नाही. ते धडपडत दुकानात आले, फळीवरचा डबा काढला, चिमूट तळहातावर घेऊन चोळली. भुकटी नव्हतीच ती. चपट्या, गुळगुळीत कपच्या होत्या.

तो दुसरा डबा होता. दमट होऊन फुगलेली जुनी काडतुसं पंत फोडत, छर्रे काढून घेत, आणि आतली बिनधुराची दारू वेगळ्या डब्यात ठेवून परसात जाळून टाकत. ही दारू काडतुसात मापानं भरली तर ठीक. ठासणीच्या जुन्या नळीत काळ्या दारूच्या अंदाजानं ठासली, तर बार पुढे जातच नाही. नळी फुटते, आणि फुटते ती बंदूक धरणाऱ्याच्या तोंडाशी.

“हा डबा इथं कोणी ठेवला?” पंत ओरडले.

“कोण ठेवणार? तुम्हीच ठेवलात काल,” इंदूबाई दारात येऊन म्हणाल्या. “मला तर फळीला हातसुद्धा लावू देत नाही तुम्ही. काय झालं?”

पंत तसेच दाराकडे वळले. पायांत वहाणा सरकवल्या, टोपी विसरली, आणि रस्त्याला लागले. उन्हं कलली होती. पिंपळदऱ्याची एसटी गेलेली. वाटेत पोलीस ठाणं लागलं. फाटकातच मोटरसायकल उभी होती. आत जाऊन चार शब्द बोलले असते तर शिपाई अर्ध्या तासात सहादूच्या वस्तीवर पोचला असता. पंत फाटकाशी थांबले. काय सांगायचं? दारू चुकली कशी? दिसत नव्हतं म्हणून. मग दुकानाला सील. त्यांनी मनाला समजावलं की अजून उजेड आहे, दिवस बुडायच्या आत आपणच पोचू, कोणाला कळणारही नाही. आणि ते पुढे गेले. चांगला माणूस होता, पण त्या घडीला त्यानं सहादूच्या जिवापेक्षा आपली पाटी जड मानली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

वडापची जीप भरल्याशिवाय निघत नव्हती. ड्रायव्हर आणखी दोन माणसांसाठी खोळंबला. पंतांनी त्याला असं काही झापलं की तो तसाच निघाला. फाट्यावर उतरून पंत वस्तीच्या वाटेला लागले तेव्हा सूर्य नेमका समोर होता. मोतीबिंदूवाल्याला मावळतीचं ऊन म्हणजे डोळ्यांत चुना. वाट, बांध, झाड, सगळं एकच पांढरं दिसत होतं. ते दोनदा पडले. गुडघा फुटला. छातीत भाता हलत होता.

वस्तीवर सहादूची बायको विमलबाई चुलीपाशी भाकरी थापत होती.

“पंत? तुमी हितं कसं?”

“सहादू कुठाय? बंदूक कुठाय?”

“माळ्यावर गेल्यात की. बार ठासूनच गेलं. पानी घ्या, बसा...”

“माळा कुठल्या बाजूला?”

“त्या बांधानं सरळ, लिंबाच्या...” तिनं हात पुसून उठायच्या आत पंत निघालेसुद्धा.

बांध त्यांना सापडला आणि लगेच सुटला. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. एक पाऊल टाकलं की चारी बाजूंनी पानं खसाखसा वाजत होती. “सहादू!” त्यांनी हाक मारली, पण धापेनं घसा बसला होता, आवाज पानांतच विरला. ते तसेच पुढे घुसले. ताटं मोडत होती, पाय ढेकळात रुतत होते. आणि एकाएकी, वरच्या अंगाला, अगदी जवळ, त्यांनी तो आवाज ऐकला. बंदुकीचा घोडा मागे ओढल्याचा. डोळे गेले असले तरी हा आवाज पंतांनी झोपेतही ओळखला असता.

ते खिळल्यासारखे उभे राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की पीक मोडत येणारं ते डुक्कर म्हणजे आपणच. सहादूनं आपल्यावरच नेम धरलाय. आता चाप ओढला तर छर्रे आपल्याला लागणारच नाहीत; सहादूचं तोंड जाईल. आपल्याला भिऊन तो मरेल. पंतांना आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि ती स्वतःसाठी नव्हती हे त्यांचं त्यांनाही नंतर नवल वाटलं. हाक मारायला गेले तर नावच आठवेना. तोंडातून निघालं ते रोजचं, पण पोटातून, सगळा जीव एकवटून:

“अरे गाढवा! गज फिरवलास का आतून?”

सगळं शेत चिडीचूप झालं.

“पंत?” वरून आवाज आला. “पंत, तुमी हाय?”

“घोडा उतरव! हळू! टोपी काढ आधी! चापाला बोट लावू नकोस, तुझ्या पाया पडतो!”

वर काहीतरी खुटखुटलं. मग सहादू शिडीवरून उतरला, ताटं बाजूला सारत आला. पंत सरीत मटकन बसले होते. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. सहादूनं शिंगाचं बूच काढून तळहातावर दारू ओतली आणि मावळत्या उजेडात पाहिली. पाहिली आणि झटकन झाडून टाकली. कमरेचा पाण्याचा भोपळा त्यानं नळीत उपडा केला, आणि बंदूक बांधाला टेकवून दोन पावलं मागे सरला.

“चाप वडनारच हुतो मी,” तो म्हणाला. “बोट हुतं चापावर. पंत, माजं तोंड गेलं असतं. विमल भाकर घिऊन आली असती तिला काय घावलं असतं?” त्याचा आवाज चढला. “आमाला बारा वर्सं शिव्या देता. गज पुसा, नळी पुसा. आन् तुमाला काळं-पांढरं कळंना व्हय?”

“दिसत नाही मला,” पंत म्हणाले. “दोन वर्षं झाली.”

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच तोंडातून काढलं होतं. सहादूला राग होताच, पण समोर सरीत बसलेल्या फुटक्या गुडघ्याच्या म्हाताऱ्यावर तो कसा काढायचा ते त्याला कळेना. मग त्यानं विचारलं, “आनिक कुनाला दिली ही दारू?”

पंतांनी मान वर केली. धावपळीत हा विचार त्यांना शिवलाच नव्हता. “आसारामला. तोही ठासणीवालाच. काल संध्याकाळी.”

“कंच्या डब्यातली?”

“माहीत नाही.”

“बोटं काळी झाल्ती का?”

“आठवत नाही रे.”

आसारामची वस्ती पार पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. चालत जाईतो रात्र झाली असती. सहादूनं पंतांना हाताला धरून उठवलं. “सरपंचाच्या घरी फोन हाय,” तो म्हणाला. “ठान्यात सांगा. पन सांगितलं तर तुमचं दुकान...”

“चल,” पंत म्हणाले. “पळव मला.”

सहादूनं त्यांना हाताला धरून बांधाबांधानं नेलं. सरपंचाच्या ओसरीवर दहा-पंधरा माणसं बसली होती. पंतांनी कोणाला बाहेर जायला सांगितलं नाही. नंबर सरपंचानं फिरवला. पलीकडून हवालदारानं ‘कोण बोलतंय’ विचारलं तेव्हा पंत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “दत्तात्रय मुळे, बंदूकवाले. माझ्या दुकानातून डोंगरापायथ्याच्या आसारामला चुकीची दारू गेली असावी. मोटरसायकल आत्ता सोडा, त्याला बार भरू देऊ नका. कारण विचाराल तर मला डोळ्यांनी दिसत नाही. दुकान उद्या सकाळी बंद करायला या, किल्ल्या देतो.”

शिपाई वेळेत पोचला. आसाराम जेवत बसला होता, बंदूक खुंटीला होती. त्याच्या घरची दारू ठाण्यात आणून सगळ्यांनी बघितली. ती काळीच निघाली, अगदी चोख.

सकाळी दुकानाला सील लागलं. इंदूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांना पंतांच्या डोळ्यांचं सगळं कधीचंच माहीत होतं. फक्त विचारायची हिंमत झाली नव्हती, आणि आता त्या रडत होत्या ते त्याचसाठी. पेठेतले चार जण हळहळायला जमले. त्यांतला एक शहाणा म्हणाला, “उगाच फोन केलात, पंत. सहादू काय बोलणारा माणूस नव्हता, आणि आसारामची दारू तर बरोबरच होती. हकनाक दुकान घालवलंत.”

पंतांनी आवाजाच्या रोखानं मान वळवली.

“बरोबर होती, ते तू बघितलंस,” ते खेकसले. “मला कुठं दिसत होतं?”