रशियन मशीनचा नियम

बाबा तरुणपणी रशियात शिकायला होते. तिथल्या संशोधन संस्थेत खोलीभर पसरलेला कॉम्प्युटर होता, त्यावर ते अणूंची गणितं करत. त्याचे दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह कधी दगा देतील याचा नेम नसे. म्हणून प्रत्येक गणित दोनदा चालवायचं, उत्तरं जुळली तरच खरं मानायचं. नाही जुळली तर तिसऱ्यांदा चालवायचं, आणि ज्या दोन उत्तरांचा मेळ बसेल ते घ्यायचं. मशीन केव्हाच भंगारात गेलं, बाबांची सवय मात्र आमच्या बोकांडी बसली. गृहपाठ झाला का, हे ते आधी मला विचारत, मग आईला. माझा नुसता संताप व्हायचा.

आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून योकोहामाला आणलं. इथे त्यांचं विसरणं वाढलं, आणि आई गेली हेच ते विसरले. पहिल्यांदा मी खरं सांगितलं, तर असे रडले की जणू ती गेल्याचा फोन आत्ताच आला होता. पुन्हा ते बघायची माझी छाती झाली नाही. मग मी सांगू लागले, "मावशीकडे गेलीये, बाबा." थोड्या वेळाने ते पुन्हा विचारत, मी पुन्हा तेच सांगे. "जुळलं," म्हणत आणि चहा मागत. खोटं बोल पण रेटून बोल, यात मी चांगलीच तरबेज झाले.

परवा सकाळी त्यांना एकदा उत्तर देऊन मी प्लॅस्टिकचा कचरा खाली ठेवायला गेले. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्यांदा माझ्या मुलीला विचारलं. ती इथेच वाढलेली, मराठी बोलताना अडखळते. तिला खोटं बोलायला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

मी वर आले तर बाबा दारातच उभे. "तू म्हणतेस मावशीकडे, ही म्हणते आजी इज नो मोर. जुळत नाही. तिसऱ्यांदा विचारतो, तुझी आई कुठे आहे?"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला खोटं पाडणं मला जमेना.

"गेली, बाबा. तुम्हीच अग्नी दिलात."

"जुळलं," ते म्हणाले, आणि मटकन खाली बसले. मुलीची ट्रेन चुकली, माझं ऑफिस बुडलं. आम्ही दोघी त्यांना धरून बसलो. दुसरं काय करणार होतो?

दुपारी ते झोपून उठले आणि स्वयंपाकघरात आले. "अगं, आई कुठे दिसत नाही तुझी?"

मी चहाचं आधण ठेवत होते. मागून मुलगी म्हणाली, अजिबात न अडखळता, "मावशीआजीकडे गेलीये, आजोबा."

मग ते माझ्याकडे वळले, आणि मीही तेच सांगितलं.