बांगड्याची मनुहार

हिवाळ्यात आई गेली आणि आमच्या घरात कुणी रडलंच नाही. जयपूरच्या बनी पार्कातले आमचे शेजारी येऊन रडून गेले, आम्ही त्यांना पाणी देत राहिलो. मी विम्याच्या कचेरीत मृत्यूचे दावे निकाली काढतो, त्यामुळे माझ्यापुरतं मला वाटलं, हा धंद्याचा निगरगट्टपणा असेल. पण बाबांचंही तेच. फरक एवढाच, की मी व्यवस्थित जेवत होतो आणि ते जेवत नव्हते. सकाळी दूध-बिस्किट, रात्री दूध-बिस्किट. मध्ये कुणी काही वाढायला आलं की ताटावर हाताचा पंजा आडवा धरायचे आणि म्हणायचे, "बस." डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की शरीरात काही बिघाड नाही, पण असंच चाललं तर हा उन्हाळा त्यांना झेपायचा नाही.

शेजारच्या भाभीजींनी मनुहार करून पाहिली. मनुहार म्हणजे नुसता आग्रह नव्हे. पाहुणा नको म्हणाला की आपल्या हाताने घास करायचा, शपथ घालायची आणि थेट त्याच्या तोंडाशी न्यायचा. एकदा उचललेला घास ताटात परत ठेवायचा नाही, हा कायदा. जन्म जयपुरात गेल्यामुळे मी असले घास लग्नांतून भरपूर गिळलेत, भरवलेतही. भाभीजींचा हात तर त्यात अख्ख्या गल्लीत कुणी धरू शकत नाही. त्यांनी दाल-बाटी आणली, बेसनाचे गट्टे आणले. बाबा हात जोडून "बस" म्हणाले आणि घास शेवटी भाभीजींनीच खाल्ला.

मग मला कल्पना सुचली. माझ्या कल्पनांचा इतिहास माझ्या बायकोला तोंडपाठ आहे, त्यामुळे ती लगेच सावध झाली. बाबा मूळचे मालवणकडचे. बँकेच्या बदलीने जयपूरला आले आणि राहिले. घरमालक कडक शाकाहारी होते, तेव्हा घरात मासा शिजला नाही. पुढे स्वतःचं घर झालं तरी सवय मोडली ती मोडलीच. मासा खायचा तो मे महिन्यात, गावी गेल्यावर. आता गावी जाऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, तिथे आहे कोण? बायकोला कामासाठी पणजीला जायचं होतं. मी रजा टाकली आणि बाबांना घेऊन तिच्यासोबत निघालो. समुद्र दाखवायचा, मासा खाऊ घालायचा, आणि माणूस परत जेवायला लागणार, इतका सरळ हिशेब.

"तुला मासा कळतो का?" बायकोने विचारलं.

मी म्हटलं, मालवणी रक्त आहे.

"रक्त असेल. अक्कल जयपूरची आहे."

पणजीतली जेवायची जागा तिच्या ऑफिसातल्या कुणी तरी सुचवली होती. पुढून साधं जुनं घर, आत बार, आणि मागे फरशीचं अंगण. मधोमध चाफा. एकमेकींशी नातं नसलेल्या खुर्च्या, त्यातल्या एकीवर मांजर झोपलेलं, आणि त्याला उठवायची कुणाला गरज वाटत नव्हती. समुद्र दिसत नव्हता, पण हवा अंगाला मीठ लावल्यासारखी चिकटत होती. आमच्याकडे एव्हाना फेटेवाल्या चौघांनी सलाम ठोकला असता. इथे मालकीणबाई अनवाणी आल्या, कुठेही बसा म्हणाल्या आणि बराच वेळ दिसल्याच नाहीत. बाबा चाफ्याकडे बघत बसले. मी बाबांकडे बघत बसलो. मला काही वाटायला हवं होतं. काही वाटत नव्हतं.

बाई परत आल्या तेव्हा बायकोने बियर सांगितली. मी पन्नाशीचा बाप्या, वडील समोर आहेत म्हणून लिंबू सोडा मागवला. ग्लास आले तेव्हा शहाणपणाने विचारलं, बिनकाट्याचा मासा मिळेल का?

"मिळेल की," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला आम्ही चिकन म्हणतो."

बायको बियरमध्ये हसली. शेजारचं टेबलही हसलं. बाबा हसले नाहीत. मी घाईघाईने मसाला भरून तळलेले दोन बांगडे आणि भात सांगितला, कारण लहानपणचं तेवढं एकच नाव मला खात्रीने आठवत होतं.

बांगडे आले. वास असा, की खुर्चीवरचं मांजर उठलं. बाबांनी ताटावर पंजा धरला. "बस."

आणि मी, काय सांगू, मनुहार केली. भर पबमध्ये. बांगड्याचा चांगला मोठा लचका तोडला, उभा राहिलो, "म्हारी सौगन" म्हणून माझीच शपथ घातली आणि तो बाबांच्या ओठांशी नेला. बाबांनी ओठ मिटून घेतले. मी हात मागे घेईना, ते तोंड उघडेनात. बोटांवरून तेल मनगटापर्यंत आलं. अंगणातलं बोलणं थांबलं. बायको हळूच म्हणाली, "अरे, बस खाली." पण उचललेला घास ताटात ठेवायचा नसतो. कायदा म्हणजे कायदा. मी तो माझ्याच तोंडात कोंबला आणि अपमानासकट गिळला.

काटा घशात आडवा बसला.

मी खोकलो, पाणी प्यालो, सोडा प्यालो, बायकोची बियरही वडिलांदेखत प्यालो. काटा हलेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं; हिवाळ्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही बांगड्यामुळे. मग समोरची खुर्ची करकरली. बाबा उठले होते. त्यांनी ताटातला कोरडा भात घेतला, मुठीत दाबून त्याचा गोळा केला, डाव्या हाताने माझी हनुवटी धरली आणि गोळा माझ्या तोंडात घातला.

"गीळ. चावू नको."

मी गिळला. अजून एक. तिसऱ्या गोळ्याबरोबर काटा खाली गेला.

बाबा बसले. माझ्या ताटातल्या बांगड्याची मी केलेली दशा त्यांनी बघितली. "बांगडो असो खातत?" परमुलखात बँकेच्या नोकरीत घासून गुळगुळीत झालेली त्यांची मराठी कुठच्या कुठे गेली होती. त्यांनी माझं ताट ओढलं, डाव्या हाताने धरून ठेवलं, आणि अंगठ्याने पाठीवरून एकच रेघ ओढून सगळा कणा अलगद उचलून काढला. बारीक काटे एकेक करून कडेला लावले.

"आवशीन तुका कायम काटे काढून दिल्यान," ते बांगड्याकडे बघत म्हणाले. "म्हणान तू शिकलंस नाय."

आई गेल्यापासून तिच्याबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला शब्द. मी डोळे पुसले. घसा सोलवटला होता, ते एक बरं निमित्त होतं.

बिनकाट्याचा मासा त्यांनी ताटातच माझ्या बाजूला सारला आणि डोकं स्वतःकडे घेतलं. ते तुला जमायचं नाही, म्हणाले. बराच वेळ ते डोकं चोखत बसले. मीठ कमी आहे, एवढं एक मालकीणबाईंना सांगितलं.

बाई भाताचं भांडं घेऊन आल्या आणि त्यांनी डाव बाबांच्या ताटावर धरला. बाबांचा पंजा सवयीने उठायला गेला. पण मसाल्याने माखलेल्या उजव्या हातात बांगड्याचं डोकं, डाव्याने माझं ताट अजून धरलेलं. ताटावर आडवा धरायला हातच नव्हता. डाव तसाच थांबला. बायकोने ग्लास खाली ठेवला.

बाबा डावाकडे बघत राहिले.

"थोडो," म्हणाले.