इंदूरच्या ड्रॉवरमधले सी फॉर्म

"कंपनी घेऊ नका साहेब. नुसती शेड आणि मशिनं घ्या," मी आमचे डायरेक्टर गोडबोले साहेब यांना सांगितलं. समोर बसलेल्या यासीनभाईंचा चेहरा उतरला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. यासीनभाईंचा अंबडमधला व्हॉल्व्हचा कारखाना आमची कंपनी विकत घेणार होती. टॅक्सची बाजू मी पाहत होतो. कंपनी घेतली की तिची मागची टॅक्सची लफडीही घेणाऱ्याच्या गळ्यात पडतात. यासीनभाईंची तीन वर्षांची सेल्स टॅक्स असेसमेंट बाकी होती, म्हणजे ऑफिसरने टॅक्स अजून पक्का केला नव्हता. माल इंदूरला जायचा. परराज्यातल्या व्यापाऱ्याने सी फॉर्म दिला तर टॅक्स चार टक्के, नाहीतर दहा. यासीनभाईंनी चार टक्क्यांनी भरला होता आणि फाईलमध्ये फॉर्म एकही नव्हता.

मी स्वतःवर खूश होतो. धोका पकडला होता ना!

बाहेर यासीनभाईंच्या कारखान्यातले टर्नर पगारे वाट बघत होते. "साहेब, नुसती मशिनं घेतली तर आमचं काय?"

"घेतील ना नवीन माणसं. तुम्हीही अर्ज करा."

"अर्ज? भद्रकालीत छोटा गाळा होता तेव्हापासून मी हाय इथं. चौदा वर्षं झाली. आता परत टेम्पररी व्हायचं का?"

खरं सांगायचं तर लाज वाटली. तसाच आत गेलो.

"यासीनभाई, फॉर्म मागितले का नाहीत?"

"अहो, जुने संबंध. पैसे वेळेवर देतात बिचारे. वर कागद मागायचा म्हणजे त्यांना वाटणार, आपला भरवसा नाही."

मी कपाळाला हात लावला. फॉर्म गोळा करायला गोडबोले साहेबांकडून आठ दिवस मागून घेतले.

"आठ म्हणजे आठ," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि यासीनभाई एस.टी.ने इंदूरला निघालो. चांदवड मागे पडलं. मग यासीनभाई हळूच म्हणाले, "बोलणी तेवढी तुम्ही करा."

पहिल्या दुकानात शेठजींनी आधी चहा मागवला. मी चाचरत विषय काढला. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक गठ्ठा पुढे सरकवला. तिन्ही वर्षांचे फॉर्म, भरलेले, सही-शिक्क्यासकट.

"कब से रखे हैं. आपने कभी माँगे ही नहीं!"

यासीनभाई माझ्याकडे बघायलाच तयार नव्हते. मला मात्र इतका आनंद झाला, की मी शेठजींकडे आणखी एक चहा मागितला.

पाचपैकी चार दुकानांतून फॉर्म मिळाले. पाचवं कधीच बंद पडलं होतं. तिथल्या मालावर जेवढा जादा टॅक्स बसू शकेल, तेवढी रक्कम किमतीतून बाजूला काढून बँकेत ठेवायची, असं मी सुचवलं. असेसमेंट झाल्यावर उरेल ती यासीनभाईंची. गोडबोले साहेबांनी होकार दिला. कंपनी आम्ही अख्खी घेतली, माणसांसकट आणि त्यांच्या नोकरीच्या वर्षांसकट.

असेसमेंट झाली तेव्हा बाजूला ठेवलेले पैसे पुरून थोडे उरलेसुद्धा. पगारे पुढे आमच्याकडूनच पूर्ण सर्व्हिस धरून रिटायर झाले.

यासीनभाईंना मी भिडस्त म्हणून बरीच वर्षं चिडवलं. पण त्यांची कंपनी घेऊ नका म्हणणाऱ्या माझ्या सतरा पानी रिपोर्टात कायद्याची सगळी कलमं होती. व्यापाऱ्यांना पंधरा पैशांचं एक कार्ड टाकून फॉर्म मागवावेत, हे त्यात कुठेच नव्हतं.